बैठक आपली, सूत्रं बाहेरच्या माणसाकडे

कामाच्या ठिकाणी टीमला किंवा एखाद्या सहकाऱ्याला मदत व्हावी म्हणून बाहेरचा फॅसिलिटेटर, म्हणजे स्वतः निर्णय न घेता चर्चा नीट चालवून देणारा माणूस, बोलावण्याबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. अशा बैठका आखणाऱ्या आणि चालवणाऱ्या मंडळींनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या चौदा जणांच्या टीममध्ये कामाची वाटणी नव्याने ठरवायची आहे. त्यासाठी वरिष्ठांनी बाहेरचा फॅसिलिटेटर आणायचं ठरवलंय. टीमलीडर म्हणून मला हे थोडं लागलं. ज्याला आमचं काम ठाऊक नाही, तो आमची बैठक काय चालवणार?

उत्तर : वाईट वाटणं स्वाभाविक आहे, पण इथे तुमच्या कुवतीवर कुणी शंका घेतलेली नाही. कामाची वाटणी बदलली की तुमच्या स्वतःच्या पदरातही काही पडणार आहे किंवा त्यातून काही जाणार आहे. ज्याचा निकालाशी संबंध आहे त्यानेच चर्चा चालवायची म्हटली, की त्याला खेळाडू आणि पंच दोन्ही व्हावं लागतं. तुम्ही फळ्यापाशी उभं राहून "कुणाला काही म्हणायचंय का?" असं कितीही मोकळेपणाने विचारलंत, तरी समोरच्यांना ऐकू येतं ते "माझ्या म्हणण्याला कुणाचा विरोध आहे का?" असंच.

वाटणी कशी असावी हे सांगायला फॅसिलिटेटर येत नाही. कुणाला किती वेळ मिळाला, कोणता मुद्दा अर्धवट सुटला, कोण तीनदा बोलायला गेलं आणि थांबलं, "ठरलं" म्हणताना सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आहे का, याकडे त्याचं लक्ष असतं. शिवाय त्याला बाळबोध प्रश्न विचारायची मुभा असते. "हा अहवाल नेमका कोण वाचतं?" असं टीममधल्या कुणी विचारलं तर तो टोमणा ठरतो. बाहेरच्याने विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात आणि खरोखर उत्तर शोधू लागतात.

मार्कर कुणाच्या हातात आहे, ही बाबही वाटते तितकी किरकोळ नाही. समजा, एक जण म्हणतो, "बदल झाल्याचं आम्हाला काम द्यायच्या आदल्या रात्री कळतं." लिहिणारा फळ्यावर लिहितो, "संवाद सुधारणे". त्या क्षणी तक्रारीतली रात्र गेली, "आम्हाला" गेलं, आणि ज्यावर काही करता आलं असतं तेही गेलं. बोलणारा पुढे बोलायचा थांबतो. जाणता फॅसिलिटेटर बोलणाऱ्याचेच शब्द लिहितो, आणि जागेअभावी छाटावे लागले तर "असं लिहिलं तर चालेल?" असं त्यालाच विचारतो.

बाहेरून पाहणाऱ्याचा उपयोग कसा होतो, हे 1946 साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ठळकपणे दिसलं. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी तिथे एक कार्यशाळा घेत होते. दिवसभरातल्या गटचर्चांची निरीक्षणं संशोधक संध्याकाळी आपापसांत मांडत. काही सहभागींनी तिथे बसायची परवानगी मागितली. आपण गटात कसे वागलो हे ऐकताना त्यांनी हरकती घेतल्या, खुलासे केले, आणि संध्याकाळचा हा वेळच सगळ्यांत जास्त शिकवून गेला. पुढच्या वर्षी मेन राज्यातल्या बेथेल गावी याच पायावर प्रशिक्षण सुरू झालं. स्वतःच्या वागण्याचं चित्र गटाला आतून दिसणं अवघड असतं. तुमच्या चौदा जणांनाही ते तितकंच अवघड जाणार आहे.

फॅसिलिटेटर बोलावू नये अशीही वेळ असते. निर्णय आधीच झालेला असेल आणि लोकांनी तो "आपणच घेतला" असं वाटावं एवढाच हेतू असेल, तर बोलावू नका. लोकांना हे पहिल्या तासाभरात कळतं आणि पुढची दोन वर्षं कुठल्याही बैठकीत कुणी मनापासून बोलत नाही. निर्णय झाला असेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि अंमलबजावणी कशी करायची एवढ्यापुरतीच चर्चा ठेवा. ती प्रामाणिक असते आणि उपयोगीही पडते.

प्रश्न : मी मनुष्यबळ विभागात काम करते. "एक दिवसाचं टीमबिल्डिंग करून द्या" असा निरोप एका फॅसिलिटेटरला पाठवला, तर उलट त्यांनीच मला दहा प्रश्न विचारले आणि आधी सगळ्यांच्या मुलाखती घ्यायच्या म्हणाले. हे नेहमीचं आहे का? यात वेळ फार जातो.

उत्तर : नेहमीचं आहे आणि चांगलं लक्षण आहे. निरोप मिळताच तारीख आणि खेळांची यादी पाठवणाऱ्यापासून जरा जपून राहा. एका दिवसाच्या बैठकीमागे दोन ते तीन दिवसांची तयारी असते, आणि बैठक फसली तर बहुतेक वेळा ती त्या तयारीतच फसलेली असते.

पहिली भेट काम सोपवणाऱ्या वरिष्ठांशी, साधारण तासाभराची. त्यात फॅसिलिटेटरला या गोष्टी कळायला हव्यात : हा प्रश्न आत्ताच का निघाला, यापूर्वी काय करून पाहिलं, बैठकीनंतर काय वेगळं दिसायला हवं, काय बदलणं शक्यच नाही, आणि अंतिम निर्णय कुणाचा. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक ठिकाणी गुळमुळीत येतात. ती कागदावर स्पष्ट लिहून घ्या. पगार, मनुष्यबळाची संख्या किंवा कामाची मुदत यांवर टीमला काही ठरवता येणार नसेल, तर ते बैठकीच्या सुरुवातीलाच सांगायला हवं. दुपारी चार वाजता "ते आपल्या हातात नाही" असं सांगण्याइतकं दुसरं काही मनस्ताप देत नाही.

मग मुलाखती. टीम बारा-पंधरा जणांची असेल तर प्रत्येकाशी तीस ते चाळीस मिनिटं बोलावं. तीस-पस्तीस जण असतील तर निरनिराळ्या पदांवरचे आठ-दहा जण निवडावेत आणि बाकीच्यांकडून निनावी लेखी उत्तरं घ्यावीत. ही निवड वरिष्ठांवर सोडू नये. ते भल्या हेतूनेच, पण आपल्याशी मोकळेपणाने बोलणाऱ्यांचीच नावं देतात. चार प्रश्न पुरतात : अलीकडे कोणतं काम सुरळीत पार पडलं आणि कशामुळे, कोणतं अडलं आणि नेमकं कुठे, या बैठकीतून काय निघालं तर तुमचा वेळ सत्कारणी लागला असं वाटेल, आणि सगळ्यांना ठाऊक आहे पण बैठकीत कुणीच बोलणार नाही अशी गोष्ट कोणती. शेवटचा प्रश्न मुलाखत संपत आल्यावर विचारावा, आणि विचारल्यावर गप्प बसावं. दहा-पंधरा सेकंद शांतता जाते, ती भरून काढायची नाही. बहुतेक वेळा कामाचं उत्तर त्यानंतरच येतं.

कुणी काय सांगितलं हे बाहेर जाणार नाही, पण जे सांगितलं त्याचा वापर होईल, हे मुलाखतीआधीच सांगायचं. लंडनच्या चॅटहॅम हाउस या आंतरराष्ट्रीय विषयांवरच्या अभ्यास संस्थेने 1927 साली घालून दिलेला नियम याच धर्तीचा आहे : माहिती वापरा, बोलणाऱ्याची ओळख देऊ नका. छोट्या टीममध्ये नुसतं नाव गाळून भागत नाही. "रात्रपाळीला एकटं बसावं लागतं" असं वाक्य आलं आणि रात्रपाळीला एकच माणूस असेल, तर नावाची गरजच उरत नाही. म्हणून किमान तीन वेगवेगळ्या लोकांकडून आलेला मुद्दाच सारांशात घ्यावा आणि ओळखू येतील असे तपशील काढून टाकावेत. हा सारांश बैठकीच्या एक-दोन दिवस आधी वरिष्ठांना दाखवावा, म्हणजे सगळ्यांसमोर त्यांना धक्का बसत नाही. मात्र त्यातलं काही वगळायचा अधिकार त्यांना नसेल, हे पहिल्याच भेटीत ठरलेलं असावं.

राहिला वेळेचा प्रश्न. समजा, टीम चौदा जणांची आहे. त्यांचा आख्खा दिवस म्हणजे एका माणसाच्या कामाचे चौदा दिवस. ते वाया जाऊ नयेत म्हणून तीन दिवस तयारीला देणं महाग नाही.

प्रश्न : मी विभागप्रमुख आहे. बैठकीचे पहिले दोन तास मी खोलीबाहेर थांबावं असं फॅसिलिटेटरचं म्हणणं आहे. माझ्याच माणसांच्या बैठकीतून मी बाहेर का जायचं?

उत्तर : आमच्यातही यावर दोन मतं आहेत. तुम्ही बाहेर असताना लोक मोकळेपणाने बोलतात, हे खरं. पण तुम्ही परत आल्यावर भिंतीवर लावलेले कागद वाचता, आणि खोलीतले सगळे तुमचा चेहरा वाचत असतात. त्या दोन तासांत जे जमलं ते एका आठीने विसकटू शकतं.

म्हणून आमचा कल असा : मुलाखतींमधून तुमची भीती वाटते असं स्पष्ट दिसत असेल, तर सुरुवातीला बाहेर थांबा. तसं नसेल तर आत बसा, पण तीन गोष्टी पाळा. पहिली पाच मिनिटं तुमची : ही बैठक का घेतली, काय ठरवायचा अधिकार टीमला दिलाय, काय दिलेला नाही. त्यानंतर प्रत्येक मुद्द्यावर सगळ्यांत शेवटी बोला. आणि एखादी गोष्ट मनाला लागली तर "असं का वाटलं, आणखी सांगाल?" एवढंच विचारा. खुलासा द्यायचा मोह आवरा. तुमचा खुलासा शंभर टक्के बरोबर असला, तरी पुढचा माणूस तो ऐकून आपला मुद्दा गिळतो.

बाहेर थांबणार असाल, तर परतल्यावरची पहिली काही मिनिटं आधी ठरवून ठेवा. सगळे कागद उभ्याने, न बोलता वाचा. मग "दोन गोष्टी मला ठाऊक नव्हत्या" असं म्हणून त्या कोणत्या ते सांगा. खरंच ठाऊक नसतील तरच.

प्रश्न : आमच्याकडे ज्युनियर लोक बोलतच नाहीत. वरिष्ठ एकदा बोलले की सगळे मान डोलावतात. बाहेरचा माणूस आला म्हणून ते बोलू लागतील का?

उत्तर : नुसता माणूस आल्याने नाही, पण बोलण्याचा क्रम बदलला तर नक्की. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या 1951 पासूनच्या प्रयोगांत रेषांच्या लांबीची अगदी सोपी तुलना करायची होती. गटातल्या बाकीच्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं, तेव्हा ज्याच्यावर प्रयोग चालला होता त्या माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाच्या चुकीच्या बाजूने झुकली. तेच उत्तर बोलून दाखवायच्या ऐवजी स्वतःपुरतं लिहायला सांगितलं की हे झुकणं बरंच कमी झालं. आणि एखादाही सोबती बरोबर उत्तर देणारा असला की फारच कमी. आपल्या कामाच्या दोन युक्त्या यातूनच निघतात : आधी लिहा, मग सोबती मिळवा.

एका मुद्द्यासाठी पन्नास मिनिटं धरा. प्रश्न फळ्यावर एका पूर्ण वाक्यात लिहायचा. "समन्वय" असं नुसतं लिहू नका. "एकाचं काम दुसऱ्याकडे जाताना कुठे अडतं?" असं लिहा. पहिली पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, न बोलता लिहायचं. मग पाच मिनिटं जोडीत. मग दहा मिनिटं चौघांच्या गटात, आणि गटाने तीनच मुद्दे पुढे द्यायचे. पंधरा मिनिटं ते वाचून सारखे मुद्दे एकत्र लावायला, दहा मिनिटं "याचा अर्थ काय" असे खुलासे विचारायला, पाच मिनिटं अग्रक्रम ठरवायला. जो माणूस सगळ्यांसमोर बोलायला धजत नाही, तो जोडीत बोलतो. चौघांच्या गटात त्याचं म्हणणं त्याचा जोडीदार मांडतो. सगळ्यांपुढे येतं तेव्हा ते गटाचं म्हणणं झालेलं असतं.

एकामागून एक बोलायला लावण्यात आणखी एक खोट आहे. डील आणि श्ट्रोबं या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये दाखवलं की आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागणं हेच कल्पना आटण्याचं मोठं कारण असतं. थांबलेला माणूस एक तर आपली कल्पना विसरतो, नाहीतर ती धरून ठेवताना नवीन विचार करत नाही. म्हणून लेखन आधी.

लिहिण्याच्या चिठ्ठ्यांबद्दल थोडं, कारण इथे हमखास गडबड होते. तळहाताएवढी चौकोनी चिकट चिठ्ठी आणि जाड टोकाचा मार्कर द्या. बॉलपेन दिलं की लोक बारीक अक्षरात परिच्छेद लिहितात आणि दोन हातांवरूनही तो वाचता येत नाही. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, सहा-सात शब्द, आणि त्यात क्रियापद हवंच. "मंजुरी" या चिठ्ठीचं काय करायचं कुणालाच कळत नाही. "मंजुरीला तीन सह्या लागतात" ही चिठ्ठी स्वतःच बोलते. गठ्ठ्यातून चिठ्ठी खालून वर ओढली तर कागद वळतो आणि अर्ध्या तासात चिठ्ठ्या भिंतीवरून गळायला लागतात. डिंकाच्या कडेला समांतर, बाजूने सोलून काढा, सपाट बसते.

अग्रक्रमासाठी ठिपके लावायची (प्रत्येकाने आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्यांवर ठिपके लावायचे) पद्धत सोपी आहे, पण तिच्यात तीन खड्डे आहेत. सारखे मुद्दे आधी एकत्र केले नाहीत तर मतं फुटतात आणि महत्त्वाचा विषय मागे पडतो. पहिले दोन-तीन ठिपके वरिष्ठांनी लावले की बाकीचे तिकडेच जातात. म्हणून प्रत्येकाने आपली निवड आधी कागदावर लिहायची आणि मग सगळ्यांनी एकदम लावायची. आणि ठिपके म्हणजे निर्णय नव्हे, "आधी कशावर बोलायचं" एवढंच. मुद्द्यांच्या साधारण एक तृतीयांश ठिपके प्रत्येकाला द्यावेत.

प्रत्यक्ष निर्णयासाठी हाताची बोटं पुरतात. पाच म्हणजे मनापासून पाठिंबा, तीन म्हणजे शंका आहेत पण साथ देईन, एक म्हणजे गंभीर हरकत, मूठ म्हणजे हे होऊच नये. सगळ्यांनी तीन मोजून एकदम हात वर करायचा. दोन किंवा त्याखाली दाखवणाऱ्याला "विरोध का?" असं विचारायचं नाही. "यात काय बदललं तर तुमचे तीन होतील?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाने माणूस बचाव करू लागतो, दुसऱ्याने प्रस्ताव दुरुस्त करू लागतो.

प्रश्न : संस्थेने मला एका बाहेरच्या व्यक्तीबरोबर काही भेटी ठरवून दिल्या आहेत, "तुझ्या विकासासाठी" म्हणून. पैसे संस्था देतेय. मी तिथे जे बोलेन ते साहेबांपर्यंत जाईल का?

उत्तर : पहिल्या भेटीच्या आधी विचारायचा हाच प्रश्न आहे, आणि तो विचारण्यात संकोच करण्यासारखं काही नाही. पैसे एकाचे आणि भेटी दुसऱ्याच्या, असं असलं की करार तिघांत असावा लागतो : तुम्ही, तुमचे वरिष्ठ आणि ती बाहेरची व्यक्ती. तिघांनी एकदा एकत्र, अर्धा-पाऊण तास बसावं आणि दोन-तीन उद्दिष्टं ठरवावीत. "आत्मविश्वास वाढवणे" हे उद्दिष्ट मोजता येत नाही. "आढावा बैठकीत माझ्या कामाची मांडणी मी स्वतः करेन" हे दिसतं. साहेबांना तुमच्याबद्दल काही म्हणायचं असेल तर ते त्यांनी याच बैठकीत, तुमच्यासमोर म्हणावं. फॅसिलिटेटरच्या कानात वेगळं काही सांगितलं गेलं तर त्या भेटी चौकशीसारख्या होऊन बसतात.

कागदावर एवढं हवं : किती भेटी, प्रत्येकी किती वेळाच्या आणि किती अंतराने. सहा ते आठ भेटी, प्रत्येकी तास-दीड तास, दोन ते तीन आठवड्यांनी, हे साधारण माप आहे. रोज भेटून उपयोग नसतो, कारण मधल्या दिवसांत करून पाहायलाच वेळ मिळत नाही. संस्थेला काय कळेल तेही लिहा : भेटी झाल्या की नाही, ठरलेली उद्दिष्टं कोणती. प्रगतीबद्दल सांगायचं असेल तर ते तुम्ही सांगाल, ती व्यक्ती नाही. आतलं बोलणं कुणालाही नाही. अपवाद दोनच, तेही आधीच सांगितलेले : जिवाला धोका दिसला तर, आणि कायद्याने सांगणं भाग असेल तर.

मधेच मनुष्यबळ विभागाने "सहज विचारतो, कसं चाललंय?" असं त्या व्यक्तीला विचारलं, तर बरोबर उत्तर एकच, "त्यांनाच विचारा." आणि असं विचारलं गेलं हे तिने तुम्हालाही सांगायला हवं.

झोप उडणं, सतत रडू येणं, कशातच मन न लागणं, असं दोनेक आठवडे चाललं असेल तर या भेटी त्यासाठी नाहीत. तिथे डॉक्टर किंवा समुपदेशक हवा. चांगला फॅसिलिटेटर हे स्वतःहून सांगतो आणि आपलं काम तेवढ्यापुरतं थांबवतो.

प्रश्न : दोन अनुभवी सहकारी एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे सगळ्या टीमचं काम रखडतं. टीमच्या बैठकीतच फॅसिलिटेटरने हे मिटवावं का?

उत्तर : अजिबात नको. सगळ्यांसमोर दोघांनाही माघार घेणं अवघड जातं आणि प्रेक्षकांना बाजू घ्यावी लागते. आधी दोघांशी स्वतंत्र, प्रत्येकी तासभर. त्यात दोघांनीही यायला स्वतः होकार दिलाय ना, हे पाहायचं. मग तिघांची एकत्र भेट, दीड ते दोन तास. एक बोलतो, दुसरा ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगतो, पहिला "हो, हेच म्हणायचं होतं" म्हणेपर्यंत. हे कंटाळवाणं वाटतं, पण राग बहुतेक वेळा इथेच खाली येतो. शेवटी स्वभावावर नाही, वागण्यावर ठराव : कुठला निरोप कुणी, कधी, कसा द्यायचा. तीन-चार ओळी, दोघांच्या शब्दांत. चार आठवड्यांनी पुन्हा अर्धा तास.

लैंगिक छळ, धमकी, जातिवाचक किंवा तशा अपमानाची तक्रार असेल, तर समोरासमोर बसवून समेट घडवायचा विचारही करू नका. त्यासाठी संस्थेची रीतसर तक्रार आणि चौकशीची वाट आहे. तक्रार करणाऱ्यावर समेटाचं ओझं टाकणं हा दुसरा अन्याय होतो.

प्रश्न : आमचे निम्मे लोक दूरवरून ऑनलाइन असतात. निम्मे खोलीत, निम्मे स्क्रीनवर अशी बैठक चालेल का?

उत्तर : चालते, पण सगळे खोलीत, सगळे ऑनलाइन आणि निम्मे-निम्मे या तिन्ही प्रकारांत हीच सगळ्यांत अवघड. खोलीतले आपसांत हसतात, कुजबुजतात, आणि स्क्रीनवरचे पाहुणे होऊन बसतात. शक्य असेल तर खोलीतल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवर, वेगवेगळ्या जागी बसावं. एका सत्राला दीड तासाहून जास्त नको. सामायिक ऑनलाइन फळ्यावर सगळ्यांनी लिहायचं, खोलीतल्या कागदावर काहीही नाही. कोणता गट आधी बोलेल असा प्रश्न आला की स्क्रीनवरचे आधी. तांत्रिक अडचणी सोडवायला वेगळा माणूस ठेवा. फॅसिलिटेटर कुणाचा माइक चालू करत बसला की चर्चेवरचं त्याचं लक्ष गेलं.

प्रश्न : मागच्या वर्षी अशीच बैठक झाली. भिंती भरून कागद लागले, सगळे उत्साहात होते. पुढे काहीच झालं नाही. आता पुन्हा बैठक म्हटलं की लोक हसतात. काय करावं?

उत्तर : आधी त्या कागदांचं काय झालं ते सांगा, मगच नवी बैठक बोलवा. वरिष्ठांनी एक पानी टिपण द्यावं : तेव्हा ठरलेलं काय झालं, काय झालं नाही आणि का. "जमलं नाही, कारण आम्ही पाठपुरावा केला नाही" असं लिहिलं तरी लोक ते मान्य करतात. न बोलता पुढे गेलेलं मान्य करत नाहीत.

असं का होतं हे बघितलं तर कारणं जवळपास ठरलेली दिसतात. ठरवलेली कामं फार असतात. सतरा कामं ठरली म्हणजे एकही ठरलेलं नाही, तीन ते पाच पुरेत. कामापुढे "सर्व" किंवा "टीम" असं लिहिलेलं असतं. एका कामाला एकच नाव हवं, मदतीला कितीही असोत. तारीख "लवकरात लवकर" असते. आणि कामं शेवटच्या दहा मिनिटांत, लोक सामान आवरत असताना लिहिली जातात. दिवसाच्या बैठकीत शेवटचा किमान पाऊण तास यासाठी राखून ठेवा, त्यात दुसरा विषय घुसू देऊ नका.

काम कसं लिहायचं? "मंजुरीची प्रक्रिया सोपी करणे" असं नको. "लहान बदलांना एक सही पुरेशी ठरवायचा मसुदा विभागप्रमुखांना देणे", पुढे एक नाव, पुढे तारीख. खोली सोडायच्या आधी त्या माणसाने ते मोठ्याने वाचावं आणि "यासाठी मला अमुक लागेल" असं असेल तर तेव्हाच सांगावं.

बैठकीनंतर दोन दिवसांच्या आत नोंदी सगळ्यांना पोचाव्यात : ठरलेली कामं वर, भिंतीवरच्या कागदांचे फोटो खाली. फोटो बैठकीतच, कागद काढायच्या आधी घ्यावेत. दोन आठवड्यांच्या आत वरिष्ठांनी प्रत्येक सूचनेवर "करतो", "नंतर", "होणार नाही, कारण…" यांपैकी एक उत्तर द्यावं. सहा ते आठ आठवड्यांनी फॅसिलिटेटरबरोबर दीड तासाची आढावा भेट, आणि तिची तारीख पहिल्या करारातच लिहिलेली. ही भेट "नंतर बघू" म्हणून सोडणं हे बैठक वाया जाण्याचं सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत सहज टाळता येणारं कारण आहे.

प्रश्न : फॅसिलिटेटर निवडताना काय विचारावं? आणि दरवेळी बाहेरचाच माणूस लागू नये यासाठी काय करता येईल?

उत्तर : विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत. तुमची एखादी बैठक फसली तेव्हा काय चुकलं होतं? (हे सांगता न येणाऱ्याला घेऊ नका.) वरिष्ठांनी मधेच चर्चा ताब्यात घेतली तर काय करता? कोणतं काम तुम्ही नाकारता? मुलाखतींच्या नोंदी कुठे ठेवता आणि कधी नष्ट करता? संस्थेतल्या कुणाशी नातं किंवा दुसरा व्यवहार आहे का? पंधराहून जास्त लोक असतील तर जोडीला दुसरा फॅसिलिटेटर मागा. एक चर्चा चालवतो तेव्हा दुसरा खोलीकडे बघतो. खेळ कोणते घेता, हे विचारून फारसं काही कळत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर करारातच घालता येतं. तीन बैठका धरा. पहिली फॅसिलिटेटर चालवेल आणि तुमच्यातले दोघं तयारीपासून त्याच्याबरोबर बसतील. दुसरी निम्मी-निम्मी : सुरुवात आणि ठरावाचा भाग तुमच्या माणसांकडे, मधला अवघड मुद्दा त्याच्याकडे. तिसरी पूर्ण तुमची. या दोघांची निवड करताना त्या बैठकीच्या विषयात ज्यांचं थेट काही अडकलेलं नाही असे बघा. शेजारच्या टीमचा माणूस तुमची बैठक चालवेल आणि तुमचा त्यांची, अशी अदलाबदलही बऱ्याच ठिकाणी छान चालते.

तिसऱ्या बैठकीत फॅसिलिटेटर मागे, दाराजवळच्या खुर्चीत बसतो. हातातल्या कागदावर वर्तुळात बसलेल्या सगळ्यांची नावं असतात, आणि जो बोलतो त्याच्या नावापुढे तो एक रेघ मारतो. कुणी कुणाला मधेच तोडलं तर बाण. बैठक संपल्यावर तो कागद चालवणाऱ्याच्या हातात देतो आणि दहा मिनिटं त्याच्याशी बोलतो : कुठे तू थांबलास म्हणून कोण बोललं, आणि कुठे घाई झाली. तो कागद तिथेच फाडायचा. त्यावर नावं असतात.